बाळोत्यांवरचे डाग: रेणापूर भागातल्या एका घराचं प्रकरण

लातूर जिल्ह्यातलं, रेणापूर तालुक्यातलं हे घर. पहिलं बाळंतपण म्हणून मुलगी माहेरी आलेली, लेक तीन आठवड्यांची, महिना मे. घरात बाळंतीण, तिचे आई-वडील, भाऊ आणि वहिनी. बाळाची मालिश आणि अंघोळ आजीकडं, बाळोती धुणं वहिनीकडं. बचत गटाच्या बैठकीत वहिनीनंच विषय काढला. बाळोत्यांवरचे डाग निघत नाहीत, कापड वाळलं की कडक होतं, ओलं झालं की लगेच वास सुटतो, आणि आता लेकराच्या जांघा लाल झाल्यात. मी गृहविज्ञान शिकवते, त्यातही कापड आणि धुलाई हा माझा रोजचा विषय. बैठक उठल्यावर मी तिच्याबरोबर घरी गेले.

"रोज दोन येळा धुवायले ताई, हात फाटून गेले, पण पिवळं काही निघंना," वहिनी म्हणाली. खरंच तिच्या बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

आजीचं म्हणणं वेगळं. "आमच्या येळेला नुसतं उन्हात टाकलं की पांढरंफेक व्हायचं. आताच्या पोरींला घासायचा जोर नाही."

आजीच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि दुसरं साफ खोटं. हे प्रकरण लिहायचं कारण तेच. घरोघरी हा दोष धुणाऱ्या बाईच्या मनगटावर टाकला जातो, आणि तो तिचा नसतो. या घरात पाच निरनिराळ्या जातींचे डाग एकाच ढिगात पडले होते आणि प्रत्येकावर तेच उपाय आळीपाळीनं चालले होते. एका डागाचं औषध दुसऱ्या डागाला पक्कं करत होतं.

आधी काय काय करून झालं होतं

जुन्या नऊवारी लुगड्यांची आणि धोतरांची चाळीसेक बाळोती. शिवाय पुण्याच्या नातेवाइकांनी पाठवलेले दोन तयार कापडी डायपर, आतून मऊ आणि बाहेरून पाणी न झिरपणारे. भरलेलं बाळोतं दिवसभर बादलीत साठत राहायचं. संध्याकाळी ती सगळी थेट उकळत्या पाण्यात जायची, "जंतू मरतात" म्हणून. मग कपड्याच्या साबणाची वडी आणि ब्रश. त्यानं भागेना म्हणून कुणीतरी सांगितल्यावरून खायचा सोडा आणि लिंबू एकत्र कालवून लावलं. मग तुरटी घासली. मग ब्लीचिंग पावडर टाकली. शेवटी नीळ दिली, म्हणजे पिवळेपणा निदान दिसू नये.

यातली उकळायची घाई सगळ्यात महागात पडते. शी, दूध, ओकारी यांत प्रथिनं असतात. अंडं उकळल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तशी ती कापडाच्या धाग्यात गोठून बसतात. उकळायला माझी हरकत नाही, पण डाग गेल्यानंतर. पहिलं पाणी गारच पाहिजे.

सोडा आणि लिंबू एकत्र केल्यावर जो फेस येतो, तो नुसता कार्बन डायऑक्साइड. आम्ल आणि अल्क एकमेकांना खाऊन टाकतात आणि बादलीत उरतं जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या डागांवर. फेस बघून समाधान होतं, डाग तिथंच राहतो.

पाणी

डागांआधी पाणी बघावं लागलं. वापराचं पाणी बोअरचं, पिण्याचं जारचं. हे पाणी बघायला प्रयोगशाळा लागत नाही. या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बंबाच्या तोंडाशी पांढरा थर जमलेला होता. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्या खडकाच्या भेगांतून मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. जितकं खोल बोअर, तितका बहुतेकदा क्षार जास्त.

वहिनीला पटावं म्हणून दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं. दोन्हींत त्याच साबणाचा नखाएवढा कीस टाकला, झाकण लावलं आणि सारखंच हलवलं. जारच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस उभा राहिला आणि तसाच टिकला. बोअरच्या बाटलीत फेस आलाच नाही. पाणी गढुळलं आणि थोड्या वेळानं वर पांढऱ्या, चिकट कण्या तरंगायला लागल्या. ती कणी मी बोटानं काढून तिच्या तळव्यावर ठेवली. चोळली तर मेणचट लागली. "हे तुझ्या बाळोत्यात बसतंय," एवढंच सांगितलं.

साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचं सोडियमबरोबरचं लवण. क्षाराच्या पाण्यात सोडियमची जागा कॅल्शियम घेतं आणि पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. तो धाग्यांवर चढतो. म्हणून कापड कडक होतं, शू शोषत नाही, आणि डागाच्या वरती साक्याचं झाकण बसतं. मग जितका साबण जास्त, तितका थर जास्त. वासाचं मूळही तिथंच. साक्यात अडकलेल्या घाणीत जिवाणू टिकून राहतात, आणि बाळानं पुन्हा शू केली की लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. अमोनियानं त्वचेजवळचा अल्कपणा वाढतो, शीमधली पाचक द्रव्यं अशा अल्कपणात जास्त जोमानं काम करतात आणि कोवळी कातडी सोलते. जांघांच्या लालीचं एक कारण असं थेट पाण्यात सापडलं.

ग्रामपंचायतीकडं जलजीवन मिशनमधलं पाणी तपासायचं किट होतं, आणि ते वापरायला शिकलेल्या बायका गावात होत्या. त्यांनी काठिण्य, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, तपासलं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचं काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. या बोअरचं पाणी 600 च्याही वर गेलं.

इथं कुणीही सहज सांगेल की मऊ पाणी वापरा, भरपूर पाण्यात खंगाळा. लातूरकराला हे सांगायचं म्हणजे जीभ जड होते. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरला प्यायला द्यावं लागलं, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. या घरातही मे महिन्यात बोअर दिवसातून थोडाच वेळ चालतं. म्हणून ठरवलं, की बोअरचंच पाणी आधी सुधारून घ्यायचं आणि एकही बादली वाढवायची नाही.

सुधारायचं साधन जुनंच, धुण्याचा सोडा. किराणा दुकानात मिळतो, खायच्या सोड्यापेक्षा वेगळा आणि जास्त तीव्र. दहा लिटरच्या बादलीला पावडरचा सोडा चहाचा एक भरलेला चमचा. खडे असतील तर जवळजवळ तिप्पट, कारण खड्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. कापड बुडवण्याआधी सोडा पाण्यात विरघळवायचा आणि रात्रभर बादली तशीच ठेवायची. कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपानं तळाला बसतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, तळाचा गाळ टाकायचा. मॅग्नेशियम तेवढं खाली बसत नाही, पण साबणाला फेस येण्याइतका फरक पडतो. सोडा आणि कपडे एकाच वेळी टाकले तर तोच गाळ कपड्यावर बसतो; बऱ्याच घरी सोडा वापरूनही गुण येत नाही तो यामुळं. सोड्याच्या पाण्यात हात घालताना वहिनीनं हाताला आधी थोडं तेल लावावं, हेही ठरलं. तिच्या चिरा भरून येणं हे बाळोती पांढरी होण्याइतकंच महत्त्वाचं होतं.

ढीग वेगळे केले

अंगणात पोतं अंथरून सगळी बाळोती पसरली. उन्हाच्या उजेडात, नाकाशी धरून, बोटानं चाचपून एकेक बघितलं. घासण्याआधी बघायला बसणं या घरात नवीन होतं. आजीही येऊन बसली.

सगळ्यात मोठा ढीग शीच्या पिवळ्या डागांचा. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरी वाटल्यासारखी पिवळी असते. त्या पिवळ्यामागं पित्तातलं बिलिरुबिन, आणि बिलिरुबिनला उजेड सोसत नाही. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कळली तीही योगायोगानं. इंग्लंडमधल्या इसेक्स परगण्यात रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये 1956 मध्ये सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. काविळीच्या एका बाळाचं अंग फिकं झालं आणि कापडानं झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला, हे डॉक्टरांना दिसलं. त्यातून पुढं 1958 मध्ये प्रकाशोपचारावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, आणि आज प्रत्येक नवजात कक्षात निळ्या दिव्याखाली बाळं ठेवतात. बाळोत्यावरचा पिवळा डागही त्याच निळ्या उजेडानं फिका पडतो. आजीचं "नुसतं उन्हात टाकलं की" हे वाक्य असं विज्ञानाला धरून आहे. (बाळाची कावीळ मात्र घरच्या उन्हावर सोडायची नाही, बाळ पिवळं दिसलं की दवाखाना.)

मग इथं ऊन का लागू पडत नव्हतं? मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन कमी पडणं शक्यच नाही. दोन कारणं निघाली. एक, साक्याचा थर. दोन, वाळत घालायची पद्धत. तारेवर घडी घालून टाकलेलं बाळोतं भर दुपारी बघता बघता वाळून जातं आणि डाग घडीच्या आत सावलीत राहतो. डाग ओला असताना आणि वर तोंड करून असताना उजेड चांगलं काम करतो. म्हणून सकाळी आठ-नऊच्या उन्हात बाळोतं सपाट पसरायचं, डाग वर, आणि वाळत आलं की हातानं पाणी शिंपडायचं, दोनदा-तीनदा. ताजे डाग पहिल्याच दिवशी फिके पडले. जुने, उकळून बसलेले डाग पंधरा दिवस रोज असंच केल्यावर उतरले.

दुसरा ढीग लालसर ठिपक्यांचा. हे बघून वहिनी मनातून घाबरली होती, रक्त असेल म्हणून. ती हळद होती. आजी अंघोळीआधी हरभऱ्याचं पीठ, साय आणि हळद लावायची. हळदीतलं कर्क्युमिन साबण किंवा सोडा लागला की लाल होतं आणि आंबट लागलं की परत पिवळं होतं. एका ठिपक्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले, सगळ्यांच्या देखत लाल ठिपका पिवळा झाला, आणि वहिनीचा जीव खाली आला. हळदही उन्हात विटते. तिला वेगळं काही करायची गरज नाही. तुरटी मात्र लावायची नाही. तुरटी हा रंगाऱ्यांचा जुना रंगबंधक आहे, हळदीचा रंग सुती कापडावर पक्का करायला तीच वापरतात. वहिनीनं ज्या बाळोत्यांवर तुरटी घासली होती, त्यांचे ठिपके सगळ्यांत शेवटी गेले.

तिसरा प्रकार थोड्याच कापडांवर होता. तारेच्या मापाच्या तांबूस आडव्या रेघा. लोखंडी तार गंजली होती, दुसरं काही नाही. या गंजाच्या डागावर ब्लीचिंग पावडर टाकली की तो उलट गडद होतो. इथं लिंबू खऱ्या अर्थानं कामाचं. लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, मग खळाळून धुवायचं. सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात ओढून घेतं. बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा सुरू होतं, त्याचे काळपट डागही याच वाटेनं जातात. पण कागदी लिंबाच्या रसात अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर ती भाजल्यासारखी काळवंडते, फोडही येतात. म्हणून लिंबू लावून झाल्यावर आधी हात स्वच्छ धुवायचे, मग उन्हात जायचं. आणि बाळोत्यात लिंबाचा अंश राहता कामा नये. तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधली आणि हा प्रश्न कायमचा मिटला.

करडईचं तेल

खरी अडवणूक चौथ्या ढिगाची होती. पिवळेच डाग, पण कडा धूसर, हाताला किंचित चिकट, नाकाशी धरलं तर खवट वास. हे डाग उन्हात फिके पडायच्या ऐवजी गडद होत होते. वहिनीला यामुळंच वाटायचं की उन्हाचा उपाय खोटा आहे.

आजीला विचारलं, "मावशी, मालिश कशानं करता?"

"करडईचं तेल. घरच्या करडईचं, घाण्यावरून काढून आणलेलं."

उत्तर मिळालं. करडई हे मराठवाड्याचं रब्बीचं पीक, आणि तेल गुणाचं. त्यात 70 टक्क्यांहून जास्त लिनोलेइक आम्ल असतं. असं तेल हवेत आणि उन्हात ऑक्सिजन धरून हळूहळू घट्ट, पिवळं होत जातं. जवसाचं तेल रंगकामात वापरतात ते याच गुणासाठी, आणि करडईचंही वापरत आलेत. भिंतीवर जे हवं तेच बाळोत्यावर नको. आजी बाळाला बाळोत्यावरच निजवून मालिश करायची, तेल त्यात मुरायचं, वहिनी ते कापड उन्हात टाकायची, आणि ऊन त्या तेलाचा पक्का पापुद्रा करायचं. शीचा डाग घालवणारं ऊन तेलाचा डाग पक्का करतं. एकाच दोरीवर वाळणाऱ्या दोन कापडांना उलट औषध लागतं, हे कळलं तिथं अर्धं प्रकरण सुटलं.

तेलाचा डाग उन्हाआधी निघाला पाहिजे. ताज्या तेलावर कोरडं पीठ भुरभुरवायचं. मी हरभऱ्याचं म्हटलं होतं. वहिनीनं चाळणीत उरलेलं ज्वारीचं पीठ वापरून बघितलं आणि तेही तितकंच चांगलं तेल ओढतं. पीठ झटकून मग रिठ्याच्या कोमट पाण्यात दोन तास. रिठा या पाण्याला अगदी योग्य, कारण त्यातलं सॅपोनिन क्षाराच्या पाण्यातही साबणासारखा साका धरत नाही. सात-आठ रिठ्यांची सालं, बिया काढून, रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून, कुस्करून, गाळून घ्यायची. गाळलेलं पाणी तपकिरी दिसतं. ते घट्ट वापरलं तर पांढऱ्या कापडावर स्वतःचीच छटा सोडतं, म्हणून बादलीभर पाण्यात पातळ करायचं. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, लेकरापासून लांब. शिकेकाईही घरात होती, पण तिचा रंग जास्त उतरतो. ती केसांनाच ठेवली.

त्याहून सोपा उपाय आजीनंच पुढं केला. मालिशीला वेगळं कापड. एक जुनं सतरंजीचं पान ठरलं आणि तेलाचं बाळोत्याशी नातं तुटलं.

नारिंगी भुकटी

पाचवा डाग एकाच बाळोत्यावर, आदल्या रात्रीच्या. अजून धुतलेलं नव्हतं. मधोमध रुपयाएवढा गुलाबी-नारिंगी ठिपका. हळदीसारखा पसरलेला नाही, रक्तासारखा मुरलेला नाही. बोटानं खरवडला तर विटेच्या चुऱ्यासारखी भुकटी हाताला आली. हे युरेटचे कण. लघवी फार घट्ट झाली की ते कापडावर उरतात. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसले तर चिंता नसते. तीन आठवड्यांच्या बाळाच्या बाळोत्यावर, मे महिन्यात, याचा अर्थ बाळाच्या पोटात दूध कमी जातंय.

तो डाग काढायचा नव्हता. तो दाखवायचा होता. ते बाळोतं बाजूला ठेवलं आणि आशाताईंना निरोप दिला. नवजात बाळासाठी आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात. एकविसाव्या दिवसाची भेट जवळच आली होती. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. वजन अपेक्षेपेक्षा कमी वाढलं होतं. दिवसाकाठी ओली बाळोती किती, असं विचारल्यावर वहिनीनं बोटांवर मोजून चार-पाच सांगितली. पहिल्या आठवड्यानंतर ती दिवसाला सहा तरी हवीत.

चौकशीत कळलं की बाळंतिणीला "पोट सुटतं" म्हणून पाणी मोजून दिलं जात होतं, आणि उन्हाळा म्हणून बाळाला मधून मधून चमच्यानं उकळून गार केलेलं पाणी पाजत होते. त्या पाण्यानं बाळाचं इवलं पोट भरायचं आणि दूध मागायचं राहून जायचं. सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आणि आईला तहान लागेल तेवढं पाणी, हे आशाताईंनी आजीला समजावलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं समजावलं. बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं, जांघांची लालीही तिथंच दाखवली. पाजणं वाढलं, नारिंगी भुकटी पुन्हा दिसली नाही, आणि पुढच्या भेटीत वजनानं वेग धरला.

या ठिकाणी मला सगळ्या धुणाऱ्या बायकांना हात जोडून सांगावंसं वाटतं. बाळाच्या तब्येतीचा पहिला कागद तुमच्या हातात येतो, डॉक्टरांच्या आधी. तान्ह्या बाळाच्या शूचा कापडावर रंग राहत नाही. गडद पिवळी शू डाग सोडत असेल तर डॉक्टरांना सांगा. शी पांढुरकी, पांढऱ्या मातीच्या रंगाची आली तर त्याच दिवशी बाळाला आणि ते बाळोतं दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. पित्ताची वाट बंद असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर जास्त गुण येतो. अशी बाळोती धुऊन टाकू नका.

पेटीतली बाळोती

आणखी एक गोष्ट डागांची नव्हती, पण ढीग चाळताना वासानं समजली. काही बाळोती आणि कुंची पेटीतून काढलेली, डांबर गोळ्यांत ठेवलेली. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-सहा-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीननं फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. कुणाच्या बाळात ते कमी आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर गेल्या. ते कपडे धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत बाहेर टांगून ठेवले. पेटीत आता कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे.

बसलेली पद्धत

महिनाभरात जी पद्धत स्थिर झाली ती अशी. शी भरलेलं बाळोतं लगेच गार पाण्याच्या धारेखाली, बोथट चमच्यानं घाण संडासात. ते पाणी भाजीच्या वाफ्यात नाही. मग सोड्यानं निवळलेल्या पाण्यात भिजत. साबणाची वडी बंद. रिठ्याचं पाणी, नाहीतर थोडी साधी पावडर. ब्रश बंद, कारण ब्रशनं जुन्या लुगड्याचा धागा तुटतो आणि घाणीला बसायला नवी जागा होते. दोनदा खंगाळायचं. दुसऱ्या खंगाळण्याचं जवळजवळ स्वच्छ पाणी झाकून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला पहिल्या धारेसाठी वापरायचं. यानं रोजची एक बादली वाचली. आठवड्यातून एकदा शेवटच्या बादलीत एका लिंबाचा गाळलेला रस, अल्कपणा आणि साका सोडवायला, आणि त्यानंतर साध्या पाण्यातून एकदा काढायचं. डाग गेलेली बाळोतीच काय ती उकळायची. मग सकाळचं ऊन, सपाट, डाग वर. मऊपणासाठी मिळणारी सुगंधी द्रावणं नकोत, ती कापडाची शोषून घ्यायची ताकद घालवतात.

तयार डायपरांचा अनुभव बेताचा. बाहेरचा पाणी न झिरपणारा थर उकळला की तडकतो आणि कडक उन्हात खराब होतो, आणि आतलं कृत्रिम कापड तेल सुतापेक्षा घट्ट धरून ठेवतं. प्रवासापुरते ते ठीक. घरात जुनं लुगडंच सरस ठरलं.

साका उतरायला वेळ लागला. पहिले काही दिवस सोड्याच्या पाण्यात भिजवलेली बाळोती खंगाळताना पाणी दुधाळ यायचं, साबण न लावता. तो सगळा मागचा साठा. पाणी निवळ यायला लागलं तशी कापडं मऊ पडली आणि वास गेला. जांघांची लालीही उतरली. त्याचं श्रेय एकट्या धुण्याला देता येणार नाही. दवाखान्याचं मलम होतं, आणि ओलं बाळोतं चटकन बदलायची सवयही लागली होती.

मृगाच्या सरी आल्या तेव्हा प्रश्न बदलला. ऊन गेलं, पण पत्र्यावरून पावसाचं पाणी मिळायला लागलं. पहिल्या सरीची धूळ जाऊ देऊन नंतरचं पाणी वहिनीनं टाकीत धरलं. त्यात क्षार नाही, सोडा लागत नाही, चिमूटभर पावडरीला बादलीभर फेस येतो. ढगाळ उजेडातही बिलिरुबिन फिकं पडतं, फक्त सावकाश. म्हणून बाळोती पडवीत उजेडाच्या बाजूला दोरीवर एकेरी पसरायची. पूर्ण न वाळलेलं कापड बाळाला बांधायचं नाही, गरम इस्त्री फिरवून मगच.

करडईच्या तेलाच्या सहा-सात बाळोत्यांवरचं पिवळं शेवटपर्यंत गेलं नाही. रिठा, सोडा, कोमट पाणी, सगळं झालं. चिकटपणा आणि वास गेला, रंग राहिला. घट्ट झालेलं तेल परत पातळ होत नाही, आणि त्यासाठी तीव्र रसायन वापरून बाळाच्या कातडीशी खेळण्यात अर्थ नव्हता. ती कापडं स्वच्छ आहेत, पाणी शोषतात, म्हणून वहिनीनं त्यांना कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला आणि दुपट्याखाली अंथरायला ठेवली.